घडीचे सिलिकॉन डबे: ओल्या पदार्थांना उत्तम, चिवड्याला नकोत

निकाल आधी सांगते. आमटी, उसळ, चिरलेली भाजी, मळलेली कणीक, खवलेला नारळ यांच्यासाठी हे दुमडणारे डबे मी पुन्हा घेईन, पण सुटे आणि दोनच मापांचे. चिवडा, चकली, पापड, लोणचं यांच्यासाठी घेऊ नका. आणि चार डब्यांचा संच कितीही स्वस्तात मिळाला तरी त्यातला सगळ्यांत मोठा डबा बहुतेक घरांत पडून राहील.

प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करणं हे माझं भोसरीच्या एमआयडीसीतलं रोजचं काम. त्यामुळे डबा हातात आला की मी आधी तो कसा ओतला असेल, साच्यात माल शिरायचं तोंड, म्हणजे गेट, कुठे दिलं असेल ते बघते, आणि मग त्यात काय ठेवायचं याचा विचार करते. आमचं घर पुण्यात नारायण पेठेत, स्वयंपाकघर जेमतेम एक माणूस वळेल एवढं. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. रिकामे डबे ठेवायला जागा नाही, म्हणून हे डबे घेतले. बोहरी आळीतल्या एका दुकानातून, चारांचा संच साडेआठशे रुपयांना. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, फक्त ‘फूड ग्रेड’, ‘एअरटाइट’ आणि मापं: ३५०, ५००, ८०० आणि १२०० मिली.

बांधणी अशी आहे. अंग सिलिकॉनचं, मऊ. तोंडाभोवती पॉलिप्रॉपिलीन या कडक प्लास्टिकची चौकट बसवलेली. झाकणही पॉलिप्रॉपिलीनचंच, त्याच्या खाचेत सिलिकॉनचं रबर, चारी बाजूंना अडकवायच्या पट्ट्या आणि मधोमध वाफ सोडायचं छोटं बूच. ८००चा डबा उघडा साडेसात सेंटिमीटर उंच, दुमडला की साडेतीन. म्हणजे निम्म्याहून कमी. चारही डबे दुमडून ओट्याखालच्या एका कप्प्यात मावतात आणि वर पोळ्यांच्या डब्याला जागा उरते. या एका गोष्टीसाठी पैसे दिले होते आणि ती गोष्ट हे डबे चोख करतात.

आता घडीबद्दल, कारण खरं डिझाइन तिथेच आहे. डब्याच्या भिंतीला जाडी मोजायचं व्हर्निअर लावलं तर जाड पट्टा दोन मिलिमीटरच्या थोडा वर भरतो, मग पाऊण मिलिमीटरची पातळ रेघ, पुन्हा जाड पट्टा, पुन्हा पातळ रेघ. बुडाशी दाबलं की पातळ रेघ वळते आणि एक जाड पट्टा दुसऱ्याच्या आत जातो. जाताना मध्यावर सिलिकॉनला सगळ्यांत जास्त ताण बसतो. तो मध्य ओलांडला की पट्टा आपणहून पलीकडच्या बाजूला बसतो आणि तिथेच राहतो. सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री उलटी होते आणि उलटीच राहते, तोच प्रकार. अधलीमधली अवस्था टिकत नाही, म्हणून चांगला घडीचा डबा एकतर पूर्ण उघडा असतो नाहीतर पूर्ण मिटलेला. पातळ रेघ जास्त जाड ठेवली तर डबा आपोआप उघडत राहतो. जास्त पातळ केली तर तीच रेघ एक दिवस फाटते.

गोल डब्यात हा ताण परिघावर सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनी डब्यात लांब बाजू चटकन वळतात, पण कोपरे वळायला तयार नसतात. म्हणून चौकोनी डब्याचे कोपरे जेवढे गोलसर, तेवढी घडी चांगली. या संचात ५०० आणि ८००चे कोपरे सुरेख गोलाई देऊन केलेत, दोन अंगठ्यांनी दाबलं की सगळी भिंत एकदम खाली बसते. ३५०च्या डब्यात मात्र तोच आराखडा नुसता लहान केलेला दिसतो. आकार कमी केला तशी कोपऱ्यांची गोलाईही कमी झाली, आणि भिंतीची जाडी तीच राहिली. परिणामी बाजू बसतात, कोपरे फुगून राहतात, आणि प्रत्येक कोपरा वेगळा दाबावा लागतो. अहो आईंच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना हा डबा दुमडताच येत नाही. आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळ स्वयंपाकघरात त्याच असतात. डबा कुणाच्या हातात जाणार आहे याचा विचार ज्याने केला नाही, त्याचं डिझाइन मी अर्धवट समजते.

गोल घ्यावा की चौकोनी? घडीला गोल बरा, फ्रिजला चौकोनी. गोल डब्यांच्या मधल्या जागा वाया जातात. आमचा फ्रिज लहान आहे, म्हणून मी चौकोनी घेतले.

सिलिकॉनची भिंत मऊ आहे हे वापरताना सतत लक्षात ठेवावं लागतं. डबा भरला की तो चौकटीला धरून उचलायचा, पोटाला धरून नाही. पोटाला धरलं की भिंत आत दबते आणि आमटी कडेवर येते. १२००चा डबा काठोकाठ भरला तर त्यात सव्वा किलोच्या आसपास वजन असतं, आणि उचलताना बूड खाली झोळीसारखं लोंबतं. फ्रिजमध्ये त्याच्यावर दुसरा भरलेला डबा ठेवला तर खालची घडी बसायला लागते. त्यात हलकी पालेभाजी निवडून ठेवली तर ठीक, पण तेवढ्यासाठी कापडी पिशवी पुरते. म्हणून तो डबा मी सासरच्या मंडळींकडे फराळ पाठवायलाही काढत नाही.

पण घडीचा एक फायदा मला वापरताना कळला आणि तो खोक्यावर कुठेही लिहिलेला नाही. या डब्यांना दोन घड्या आहेत. ८००च्या डब्यात हिरवी चटणी भरली आणि निम्मी संपली, की फक्त वरची घडी बसवायची आणि मग झाकण लावायचं. चटणीच्या वरची रिकामी जागा जाते, म्हणजेच तिथली हवा जाते. कोथिंबिरीची चटणी हवेने काळपट पडते. पूर्ण उंचीच्या डब्यातली आणि घडी बसवलेल्या डब्यातली चटणी शेजारी शेजारी ठेवून बघितली, घडीच्या डब्यातली जास्त दिवस हिरवी राहिली. अर्ल टपर यांनी १९४६ साली अमेरिकेत पॉलिथिलीनचे डबे विकायला काढले तेव्हा झाकणाची कड किंचित उचलायची, मधोमध दाबून हवा काढायची आणि मग कड बसवायची, ही रीत त्यांच्या झाकणाबरोबर घरोघरी गेली. डब्यातली हवा कमी करायची ही जुनीच युक्ती आहे, इथे ती झाकणाऐवजी भिंतीने साधते. कंपनीने याची जाहिरात करायला हवी होती.

झाकणाकडे वळू. पाणी भरून, डबा वर्तमानपत्रावर उपडा ठेवून रात्रभर सोडला. ५०० आणि ८०० कोरडे राहिले. १२००च्या एका कोपऱ्यात डाग पडला. झाकण दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा कारण दिसलं: त्या कोपऱ्यात झाकण केसभर वाकलेलं आहे, त्यामुळे रबर पुरेसं दबत नाही. मोठं सपाट झाकण मोल्डमधून निघाल्यावर थंड होताना वाकतं, हे आमच्या कामातलं नेहमीचं दुखणं. त्याला खालून फासळ्या द्यायच्या असतात. इथे दिलेल्या नाहीत.

ऑफिसला मुगाची उसळ ५००च्या डब्यातून नेते. पीएमपीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर कमी आणि आडवी जास्त असते, तरी अजून थेंब बाहेर आलेला नाही. रस्सा असेल तर मी मधलं बूच एकदा दाबून बघते, कारण झाकणाच्या रबरापेक्षा ते बूच लवकर सैल होणार हे दिसतंय.

चार बाजूंच्या पट्ट्यांबद्दल एक बारकावा. पट्टी आणि झाकण वेगळे भाग नसतात, मध्ये प्लास्टिकचीच पातळ बिजागरी असते. पॉलिप्रॉपिलीनचा हा गुण आहे: पातळ ठेवलं आणि वाकवलं की त्या रेघेतले लांब रेणू एका दिशेत ओढले जातात आणि बिजागरी चिवट होते. नीट केलेली बिजागरी वर्षानुवर्षं तुटत नाही. पण मोल्डमध्ये वितळलेलं प्लास्टिक दोन बाजूंनी येऊन नेमकं बिजागरीवर जुळलं, तर तिथे वेल्ड लाइन पडते आणि पट्टी तिथूनच सुटते. माझ्या ३५०च्या झाकणावर एका पट्टीच्या मुळाशी अशी केसासारखी रेघ आहे. बाकीच्या तीन पट्ट्या वाकवल्यावर स्वच्छ राहतात, ही एक पांढरी पडते. आधी तीच जाईल. दुकानात झाकण उजेडाकडे धरून प्रत्येक पट्टीचं मूळ बघा, ही रेघ कुणालाही दिसते.

फ्रीझरमध्ये सिलिकॉन मऊच राहतं, उणे ४० अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. पॉलिप्रॉपिलीनचं तसं नाही, ते शून्याच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. म्हणून फ्रीझरमधून डबा काढल्या काढल्या पट्ट्या उघडू नका, पाच मिनिटं ओट्यावर राहू द्या. एवढं सांभाळलं तर फ्रीझरसाठी याच्यासारखा डबा नाही. स्टीलच्या डब्यात गोठलेलं खोबरं सुरीने खरवडावं लागतं. इथे बुडाला खालून दाबलं की अख्खी वडी बाहेर येते, हवी तेवढी तोडून उरलेली परत आत. हिवाळ्यात मंडईतून आणलेले मटार सोलून असेच ठेवते. अहो आईंना हे डबे सुरुवातीला मुळीच पसंत नव्हते. त्यांच्या माहेरचे तांबट आळीतले पितळी डबे अजून आमच्या माळ्यावर आहेत. पण खोबऱ्याची वडी हातात आल्यापासून नारळ खवला की हा डबा त्या स्वतः काढतात.

गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावू नका. आत वाफ असते, ती निवली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा मऊ भिंतीला आत ढकलते. डब्याचं पोट आत ओढल्यासारखं होतं, झाकण उघडता उघडत नाही. बूच उघडलं की हवा आत जाते आणि झाकण सुटतं. पण अन्न तासन् तास ओट्यावर निवत ठेवायचं असाही याचा अर्थ नाही. भात, वरण पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, भाताच्या बाबतीत तर नक्कीच. मायक्रोवेव्हमध्ये अंग चालतं. झाकण मी काढूनच ठेवते आणि वर ताटली घालते. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकतं, पण चौकट आणि झाकणाचं प्लास्टिक १६० अंशांच्या जरा वर वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. त्यामुळे ओव्हन नको, कुकरही नको.

आता खोक्यावरचा ‘एअरटाइट’ हा दावा. झाकण घट्ट आहे, पाणी बाहेर येत नाही, इथपर्यंत तो खरा आहे. पण सिलिकॉनच्या भिंतीतून वायू आणि बाष्प आरपार जातात. रबरांच्या कुळात सिलिकॉन याबाबतीत सगळ्यांत सढळ आहे आणि झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनपेक्षा तर कित्येक पटींनी. पुण्याच्या पावसाळ्यात हे लगेच कळतं. आषाढात पातळ पोह्यांचा चिवडा एकाच कढईतून निम्मा ८००च्या डब्यात आणि निम्मा स्टीलच्या फिरकीच्या डब्यात भरला. सिलिकॉनमधला आधी सादळला, स्टीलमधला कुरकुरीत होता. झाकण दोन्हींचं घट्ट होतं. भिंतीचा फरक आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या सिलिकॉन डब्यात असणार. भाजणी, रवा, साखर, पापड यांचे डबे स्टीलचे किंवा काचेचेच ठेवा.

वासाचंही तेच. चिरलेला कांदा या डब्यात ठेवला आणि शेजारी सायीचं भांडं असलं तर साय कांद्याची होते. उलट, भांडी घासायच्या सुवासिक लिक्विडचा वास सिलिकॉन धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तो दह्याला येतो. मी आता या डब्यांना बिनवासाचा साबण वापरते आणि आठवड्यातून एकदा सिलिकॉनचं अंग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवते. तेलही सिलिकॉन ओढून घेतं. लोणचं किंवा तेलाची तर्री ठेवली तर भिंत कायमची चिकट लागते. लोणच्याला चिनी मातीची बरणी.

हळदीचा पिवळा डाग मात्र घाबरण्यासारखा नाही. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. डबा धुऊन गॅलरीत उन्हात ठेवला की संध्याकाळपर्यंत डाग फिका होतो, दोन-तीन उन्हांत जातो. घासून जात नाही, घासू नका.

धुण्याचा त्रास आहे आणि तो खरा आहे. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “ताई, याच्या घडीत डाळ बसते, वरून दिसत नाही. उलटा करून धुवावा लागतो.” त्यांचं बरोबर आहे. डबा आतून बाहेर उलटा करता येतो, पण चौकट असल्यामुळे पूर्ण नाही. तळाची घडी बोटाने पसरून धुवावी लागते. झाकणाच्या खाचेतलं रबर आठवड्याला काढून जुन्या दातांच्या ब्रशने खाच घासायची, नाहीतर तिथे काळी बुरशी धरते. आणि दुमडून ठेवताना झाकण लावू नका. आतल्या ओलीला कोंदट वास येतो. रोज ढीगभर भांडी घासणाऱ्या बाईला हे वेगळं काम आहे, म्हणून हे डबे आता आम्ही आपले आपण धुतो.

‘फूड ग्रेड’ हे दोन शब्द खोक्यावर कुणीही छापू शकतो. झाकणाच्या खाली त्रिकोणात ५ आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एवढं तरी कळतं. अन्नाला लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे, आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती द्रव्य उतरावं याची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम दिली आहे. ज्या विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल आहे त्याच्याकडून घ्या, दहा-वीस टक्के जास्त गेले तरी. सिलिकॉन चिमटीत पिळायचं आणि पांढरं पडलं तर भेसळ, असे व्हिडिओ फिरतात. एकट्या त्या चाचणीवर मी भरवसा ठेवत नाही. मी वास घेते. सिलिकॉनचा भाग मोल्डमधून निघाल्यावर २०० अंशांवर साधारण चार तास भाजायचा असतो, म्हणजे आतली उडून जाणारी द्रव्यं निघून जातात. ही भट्टी वाचवली की डब्यात उकळतं पाणी ओतल्यावर रबराचा वास येतो. या संचाला आला नाही. आला असता तर डबे त्याच दिवशी परत गेले असते.

सगळ्यांत जास्त चीड मला एका साध्या गोष्टीची येते. झाकणाचं रबर सुटं मिळत नाही. कुकरची रिंग तुळशीबागेत कुठल्याही मापाची मिळते, मिक्सरच्या भांड्याची मिळते, आणि या डब्यांत सगळ्यांत आधी संपणारा जो भाग, तोच मिळत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाले, “ताई, रबर कुठून देऊ? नवीन संचच घ्या.” दहा ग्रॅमच्या रबरासाठी चार चांगले डबे टाकायचे. हे रबर ओतायला वेगळा छोटा मोल्ड लागतोच, तो कारखान्यात पडूनच असतो, त्यातून हजारभर जास्तीची काढून ठेवणं अवघड नाही. ५०० आणि ८०० सुटे विकणारं दुकान मिळालं आणि बरोबर दोन जादा रबरं मिळणार असतील, तर मी सध्याच्या भावाच्या दीडपट देऊन घेईन.

मापं देऊन ठेवते. ८००च्या झाकणाची खाच आतून १६८ गुणिले ११२ मिलिमीटर, खाचेची रुंदी तीन मिलिमीटर, रबराची उंची साडेचार, रंग पांढरट. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुठे या मापाचं सुटं रबर मिळत असेल तर खाली लिहा, मी शनिवारी जाऊन बघून येईन.